तीन बापांचा जिना

"एकच बाप असता तर सरळ चालला असता. याला तीन बाप, म्हणून शेवटाला लंगडतोय," फरशीवाला पुटपुटला. तो माझ्या वरच्याच पायरीवर पाठमोरा उकिडवा बसला होता, हातात पट्टी, कानावर पेन्सिल, आणि मी इतकी जवळ की त्याच्या मानेवरचा घाम दगडाच्या भुकटीत मिसळून वाळलेला दिसत होता. मागे आपला जोडीदारच उभा आहे असं त्याला वाटलं असावं. "कुणाला तीन बाप?" मी विचारलं, तसा तो दचकून उठला आणि त्याने जीभ चावली. "तुम्ही होय ताई. मी आपला दगडाशी बोलत होतो." "मग दगड काय म्हणाला?" तो ओठाच्या कोपऱ्यातून हसला. "म्हणाला, मला बसवायच्या आधी घरात एकदा विचारून ये." आणि बाजूला सरकून त्याने मला वाट दिली.

मी वर चढले. पाय आपल्या नादात चढत होते, जिना असाच चढायचा असतो, त्याच्याबद्दल विचार न करता. शेवटच्या पायरीवर पायाने एक उंची मागितली आणि जिन्याने तिच्या निम्मीच दिली. उचललेला पाय हवेत जास्तीचा राहिला आणि मग धपकन खाली आला. गुडघ्यातून एक सणक निघाली ती थेट दाढेपर्यंत. पडले नाही. पण वर पोचल्यावर त्या कठडा नसलेल्या गॅलरीत उभी राहिले तेव्हा मनात आलं ते असं: या जिन्यावरून मधल्या सुट्टीत पोरं धावणार आहेत. ही शाळा आहे. दोन मजल्यांची, लांबट, साधी शाळा. पोरं जिना चढत नाहीत, जिन्यावर उधळतात. आणि दुसरं मनात आलं ते हे, की मला या चुकीचं आश्चर्य वाटलं नव्हतं. आश्चर्य वाटायला हवं होतं. त्याऐवजी ओळखीचं कुणी दारात उभं दिसावं आणि आपण नुसतं "आलात?" म्हणावं, तसं काहीसं वाटलं.

आमची फर्म म्हणजे अप्पांचं डोकं, दादाची डिग्री आणि माझी पेन्सिल. अप्पा माझे वडील, दादा थोरला भाऊ. मला डिग्री नाही. शाळा संपली तेव्हा अप्पांकडचा ट्रेसिंग करणारा माणूस दुसरीकडे गेला होता, आणि "चार दिवस बस, रेषा तरी सरळ येते तुझी" म्हणून अप्पांनी मला त्या उतरत्या टेबलाशी बसवलं. ते चार दिवस अजून चालू आहेत. मधे लग्न झालं, मोडलं, केस पांढरे झाले, काळे केले, परत पांढरे ठेवले, टेबल तेच. 'पेन्सिल' हे नाव मिस्त्रींनी पाडलं. मिस्त्री म्हणजे अप्पांच्या अगदी पहिल्या भिंतीपासून बरोबर असलेले, आता अप्पांइतकेच वाकलेले, फक्त अप्पा काठी घेतात आणि मिस्त्री ओळंबा. दादा मला सगळ्यांदेखत 'ए पेन्सिल' म्हणतो, आणि चौकशीला आलेले नवे लोक मला चहा आणायला सांगतात. मी आणते. मग चहा पिता पिता त्यांच्या नकाशातली चूक दाखवते. एवढी मजा आयुष्यात असायलाच पाहिजे.

आमच्या फर्मची एक रीत होती. इमारत कुणाचीही असो, बाकीचं सगळं दादाने काढलेलं असो, जिना अप्पांचा. कॉम्प्युटर आले, नकाशांच्या प्रती काढायचं अमोनियाचं छपाईयंत्र भंगारात गेलं, अप्पांच्या हाताला किंचित कंप आला, तरी जिना अप्पांचा. ते सकाळी कचेरीत येत, शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडत, पेन्सिल ब्लेडने तासत, आणि खालपासून वरपर्यंत एकेक पायरी काढत. कॉम्प्युटरवर एक पायरी काढून बाकीच्या चिकटवता येतात, हे दादाने त्यांना एकदा दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "मग चढताना माणसाने पण एकच पायरी चढावी आणि बाकीच्या चिकटवाव्यात." दादा हसला. मीही हसले. त्या हसण्यात आम्ही कुठेतरी ठरवून टाकलं की जिना अप्पांकडेच राहील, मरेपर्यंत. कोण मरेपर्यंत, ते कुणी म्हणालं नाही.

गॅलरीतून मी साइटच्या पत्र्याच्या कचेरीकडे बघत होते. पत्रा उन्हाने तापून लवथवत होता. मागच्याच आठवड्यात तिथे एक गंमत झाली होती. दादाने एक नवी इंजिनीअर ठेवली आहे, बारीक चणीची, मोठ्या चष्म्याची. अप्पा तिला 'छोटी' म्हणतात, म्हणून सगळेच म्हणतात. छोटी आली त्या दिवसापासून तिचा एकच हेका, की या कामाला कागदपत्रांची स्वतंत्र व्यवस्था पाहिजे. कुठला नकाशा कधी निघाला, कधी बदलला, कुणाकडे गेला, हे सगळं एका जागी. जुना रद्द झाला की सगळीकडून काढून टाकला पाहिजे. दादाला ते पटत नव्हतं. "अगं दोन मजले आहेत. व्यवस्था कसली लावतेस? त्या वीस मजलेवाल्यांना लागतं ते." "मजल्यांवर नसतं सर," छोटी म्हणाली होती. "एका गोष्टीचे दोन कागद झाले, आणि त्यातला खरा कुठला हे विचारावं लागलं, की लागते व्यवस्था." दादा म्हणाला, आमच्याकडे असं होत नाही. तेव्हा तिने अगदी साधेपणाने विचारलं, "बरं, मग जिन्याचा शेवटचा नकाशा कुठे आहे?" आणि आम्ही चौघांनी एकदम बोट दाखवलं. दादाने कॉम्प्युटरकडे. मी माझ्या खणाकडे. मिस्त्रींनी भिंतीवरच्या नकाशे अडकवायच्या खिळ्याकडे. आणि खुर्चीत टेकून बसलेल्या अप्पांनी, डोळे न उघडता, स्वतःच्या कपाळाकडे. सगळे खो खो हसलो. अप्पा सगळ्यांत जास्त. छोटी तेवढी हसली नाही. चष्मा काढून पुसत बसली.

आता वाटतं, आपण त्या हसण्यावर फार दिवस काढले.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आमच्याकडे नकाशे मरायचे. हा शब्द आईचा. अप्पा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा काखेत गुंडाळी असायची. आई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि विचारायची, "आज काय मेलं?" अप्पा गुंडाळी टेबलावर टाकायचे. ज्या नकाशात बदल झाला, ज्याच्या जागी नवा निघाला, तो जुना नकाशा त्याच दिवशी घरी यायचा, रोजचा नेम. निळ्या रेषांचा, जांभळट कागद, आणि त्याला तो वास. अमोनियाचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगता येणार नाही. नाकात सुई जावी तसा, आणि तरी पुन्हा घ्यावासा वाटणारा. आई तोंड वाकडं करून कागद लांब धरायची आणि दुसरा प्रश्न विचारायची, "कशानं?" म्हणजे कशानं मेला. आणि अप्पा सांगायचे. पायातले मोजे काढत, अगदी सहज सांगायचे. "खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडत होती." "कुणी उघडली?" "मीच." "बरं." एवढंच. मग आई कात्री घ्यायची. आमच्या सगळ्या पुस्तकांना मेलेल्या नकाशांची कव्हरं असत. माझ्या भूगोलाला कुणाच्या तरी न्हाणीघराचं, दादाच्या गणिताला पाण्याच्या टाकीचं. एकदा बाईंनी माझं पुस्तक हातात घेतलं, कव्हराकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या घरात माणसं झोपतात कुठे ग?" मी घरी येऊन अप्पांना विचारलं. ते हसून हसून लाल झाले. "बाईंना सांग, म्हणूनच मेलं ते."

कपाटांच्या फळ्यांवर, ट्रंकेच्या तळाशी, माझ्या बाहुलीच्या खोलीच्या भिंतींना, सगळीकडे अप्पांच्या चुका अंथरलेल्या होत्या. आम्ही त्यांच्यावर कपडे ठेवायचो, बरण्या ठेवायचो. कुणाला त्यात काही वाटत नसे. अप्पांनासुद्धा. फळीवरचा कागद बदलताना आई म्हणायची, "बघा, हा तुमचा वाकड्या गच्चीवाला," आणि अप्पा चष्मा लावून बघायचे, जुना मित्र भेटावा तसे. "हा होय! याला काय धरून ठेवलं होतं मी. दोन दिवस भांडलो." चूक झाली की ती घरी यायची, तिची चौकशी व्हायची, आणि मग तिचं काहीतरी उपयोगाचं व्हायचं. आई कधी कचेरीत आली नाही. तिला नकाशातलं उत्तर-दक्षिणही कळत नसे. पण कचेरीत एक मेलेला कागद राहत नव्हता तो तिच्यामुळे. आज मला कुणी विचारलं की तुमच्याकडे पूर्वी व्यवस्था कुठली होती, तर मी सांगेन, कात्री.

आई गेल्यावर काही दिवसांनी अप्पा एका संध्याकाळी गुंडाळी घेऊन घरी आले होते. मी तेव्हा नुकतीच माहेरी परत येऊन राहिले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी ते थांबले. मी आत होते, पाठमोरी, नळ चालू. मला दिसत होतं, खिडकीच्या काचेत त्यांची आकृती होती, काखेत गुंडाळी. ते वाट बघत होते. मला विचारता आलं असतं. दोन शब्द होते. पण ते शब्द तिचे होते, तिची साडी नेसून त्यांच्यासमोर जावं तसं ते झालं असतं. मी नळ बंद केला नाही. थोड्या वेळाने त्यांनी गुंडाळी कपाटावर ठेवली. त्यानंतर त्यांनी कधी कागद घरी आणला नाही. कागद कचेरीतच राहू लागले. भिंतीवर खिळा होता, त्यावर नवा नकाशा जुन्यावर, मग कधी जुना नव्यावर, वाऱ्याने खाली पडले तर ज्याला सापडेल त्याने अडकवायचे. पुस्तकांना कव्हरं घालायला घरात कुणी उरलं नव्हतं.

आणि मग दुरुस्त्या सुरू झाल्या. कधी ते नेमकं सांगता येत नाही. केस विरळ कधी झाले ते सांगता येतं का? अप्पांच्या एका कुंपणाच्या फाटकाची मापं जुळेनात. दादाने ते बघितलं आणि कॉम्प्युटरमधे गुपचूप सरळ केलं. मीही बघितलं, आणि ब्लेडने अप्पांचा आकडा खरवडून त्याच जागी बरोबर आकडा लिहिला, अप्पांच्या अक्षरात. अप्पांचं अक्षर मला अप्पांपेक्षा बरं येतं; त्यांनीच तर शिकवलं. "आकडा असा काढ की पावसात भिजला तरी वाचता आला पाहिजे," म्हणायचे, आणि माझ्या हातावर हात ठेवून सात काढायचे, तो त्यांचा सात, आडवी रेघ जराशी झुकलेली, टोपी वाऱ्याने कलली आहे असा. तो सात मी आजही तसाच काढते. आणि मिस्त्रींनी कागद बघून काही न बोलता फाटकाचा खांब एक वीत सरकवला. तिघांनी तीन ठिकाणी तीच चूक एकाच बाजूला दुरुस्त केली, म्हणून फाटक बरोबर बसलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. माझ्या खणातला कागद बघून दादा एवढंच म्हणाला, "अप्पांचं माप बरोबर आहे की." आणि मी म्हणाले, "असतंच." तो माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे बघत नव्हते. आम्हाला केवढं बरं वाटलं होतं तेव्हा. म्हाताऱ्या माणसाच्या पांघरुणाचा सुटलेला काठ त्याला जाग न येता पायाखाली खोचावा, तसं.

जिन्याखाली आम्ही तिघं उभे राहिलो तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. मी, दादा, मिस्त्री. फरशीवाला लांब बसून विडी ओढत, ऐकू येत नसल्यासारखं करत सगळं ऐकत होता. "शेवटची पायरी बारकी आहे," मी म्हणाले. दादाने पट्टी लावली, परत लावली. "पण मी सारख्या केल्या होत्या. प्रत्येक पायरी किंचित उंच घेतली होती, म्हणजे वर बरोबर लागायला..." तो थांबला. "उंच का घेतल्या?" "कागदावर कमी पडत होतं. चार बोटं." मिस्त्रींनी डोक्याचं फडकं काढून कपाळ पुसलं. "मला पण कमी पडत होतं कागदावर. म्हणून मी खालची सुरुवातच चार बोटं उचलून घेतली. भरणी घालून." "मग मला सांगायचं ना मिस्त्री!" "तुम्ही मला सांगितलं का, दादासाहेब?" "मी सेंट्रिंगवाल्याला माझा नवा कागद दिला होता." "मला भिंतीवरचाच होता." म्हणजे चार बोटं खालून वाढली, चार बोटं पायऱ्यांतून वाढली, आणि वरच्या मजल्याला जाऊन जिना आपटला, शेवटच्या पायरीला उरलेल्या जागेत अंग चोरून बसावं लागलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. "माझ्या खणातल्या कागदावर बरोबर आहे," मी म्हणाले. "कुणाच्या अक्षरात?" दादाने विचारलं. मिस्त्री हळूच हसले, मग आम्हाला तिघांनाही हसू फुटलं, पोटात दुखेपर्यंत, चोरी पकडल्यावर पोरं हसतात तसं. पण त्या सगळ्या बोलण्यात तिघांनी एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला. कागद. कागदावर कमी पडत होतं. जसा काही कागद स्वतःच रात्रीतून आखडला होता.

कमी का पडत होतं, ते मला ठाऊक होतं. या शाळेचे मजले नेहमीपेक्षा उंच ठरले होते, हवा खेळावी म्हणून. अप्पांच्याच समोर ठरलं, त्यांनीच मान डोलावली होती. पण जिना काढायला बसले तेव्हा त्यांच्या हाताने आयुष्यभर काढला तोच जिना काढला. आमच्या घराचा जिना. तो मी रोज चढते. माझे पाय तो पाठ म्हणतात. अप्पांनी तो आईसाठी काढला होता, दादाच्या वेळी तिला दिवस राहिले तेव्हा, दम लागू नये म्हणून बेताच्या उंचीच्या पायऱ्यांचा. तीच उंची, तेवढ्याच पायऱ्या त्यांच्या हातात बसल्या. नव्या शाळेच्या भिंतीत, आई जाऊन वीस वर्षं उलटून गेली तरी, अप्पांच्या हाताने आईला वर चढवून नेलं होतं. चार बोटं कमी पडली ती तिथे.

छोटी जवळ येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. ती काही टोचून बोलली नाही, हे तिचं मोठेपण. हातातला कोरा तक्ता तिने माझ्यापुढे धरला. प्रत्येक नकाशासाठी एक ओळ. कुणी काढला. कुणी तपासला. कुठला रद्द झाला. "मी जुने नकाशे पण बघितले," ती म्हणाली. "मोठ्या साहेबांच्या नकाशांवर दोन्हीकडे त्यांचीच सही आहे. काढला तेच, तपासला तेच. त्यांचे नकाशे तपासतं कोण?" प्रश्न विचारताना तिचा आवाज इतका साधा होता की राग धरायलाही जागा नव्हती. दादा बुटाने खडी उकरत राहिला. मिस्त्रींनी ओळंब्याचा दोरा बोटाला गुंडाळायला घेतला. शेवटी दादा म्हणाला, "हे तू ठरव, पेन्सिल. कागद तूच सांभाळतेस. लागते व्यवस्था, असं तू म्हणालीस तर सोमवारपासून लावू. नाही म्हणालीस तर, फरशी घालायच्या आधी वरच्या दोन-तीन पायऱ्या फोडून सारख्या करू, संपलं." "आणि अप्पांना काय सांगायचं?" "सांगायचं कशाला?" मग तोच म्हणाला, "शनिवारी येणार आहेत ते जिना बघायला. त्याच्या आत फोडून होईल का, मिस्त्री?" मिस्त्रींनी मान हलवली. नाही होणार.

त्या संध्याकाळी अप्पा घरी पेन्सिली तासत बसले होते. कचेरीत तासतात ते पुरत नाही, घरीही तासतात. वर्तमानपत्रावर लाकडाच्या कुरळ्या साली पडत राहतात. मी समोर बसून भाजी निवडत होते आणि तोंडात वाक्य घोळवत होते. अप्पा, त्या जिन्याचं जरा. अप्पा, एक विचारायचं होतं. विचारायचं काय होतं त्यात? छोटीने व्यवस्था कधी लागते ते सांगितलं होतं: खरा कागद कुठला, हे विचारावं लागलं की. मला वाटलं, तिचं एक राहिलं. विचारायची चोरी झाली की लागते. आई असती तर तक्ता लागला नसता, दोन शब्द लागले असते. "शनिवारी येतो मी," अप्पा म्हणाले. "फरशी बसायच्या आधी जिना बघावा. नंतर सगळेच जिने गोंडस दिसतात." "गुडघे दुखतील." "दुखू देत. जिना पायाने तपासायचा असतो, डोळ्याने नाही. माझं आजवर एकदा तरी..." वाक्य अर्धं टाकून त्यांनी पेन्सिल दिव्यासमोर धरली आणि टोक बघितलं. टोक सुईसारखं होतं. हात हलत होता, म्हणून टोक हलत होतं. त्यांना वाटलं असावं टोकच वाकडं आहे, कारण त्यांनी पुन्हा तासायला घेतलं. "काही बोलायचंय का तुला?" त्यांनी विचारलं, ब्लेडवरची नजर न काढता. "नाही," मी म्हणाले. "भाजीत अळ्या आहेत." भाजीत एकही अळी नव्हती.

भीती कसली होती मला? ते चिडतील याची नाही. अप्पा चिडले असते तर फार सोपं झालं असतं. भीती ही होती की ते पेन्सिल खाली ठेवतील. नुसती खाली ठेवतील, काही न बोलता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्या दुमडणार नाहीत. ज्या माणसाने माझ्या हातावर हात ठेवून सात काढला त्याच्या हातातून पेन्सिल काढून घ्यायची, आणि तीही मी, जिचं नावच ते.

शनिवारी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. जिन्याच्या पायथ्याशी थांबून त्यांनी वर बघितलं, देवळापुढे नाही, ओळखीच्या म्हाताऱ्यापुढे थांबावं तसं. मग काठी डाव्या हातात घेऊन चढू लागले. चढताना ओठ हलत होते. ते पायऱ्या मोजतात, नेहमीच, स्वतःच्या घरातसुद्धा. आम्ही मागे: मी, मग दादा, मग छोटी. मिस्त्री आधीच वर जाऊन उभे होते, हात जरा पुढे करून, पहिलं पाऊल टाकणाऱ्या मुलासाठी आई उभी राहते तसे. मला ती शेवटची पायरी जवळ येताना दिसत होती. मी हाक मारू शकले असते. अप्पांनी पाय उचलला, जितका उचलायचा तितका, आणि पाय धपकन खाली आला. काठी सुटली, खडखडत खाली गेली, आणि मिस्त्रींनी त्यांना दोन्ही दंडांना धरलं. क्षणभर दोन म्हातारे एकमेकांना टेकून उभे होते, कोण कुणाला सावरतंय कळू नये असे. "वाळू सांडली होती तिथे," मिस्त्री म्हणाले. "उजेड पण कमी आहे या बाजूला," दादा म्हणाला. उजेड भरपूर होता. टळटळीत दुपार होती.

अप्पांनी दंड सोडवून घेतले. कठडा नव्हताच, भिंतीला हात लावून ते एक पायरी खाली उतरले. परत चढले. पुन्हा उतरले, पुन्हा चढले, या वेळी डोळे मिटून. बुटाने पायरीची कड चाचपली. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कित्येक वर्षांत बघितला नव्हता. त्यावर दुखल्याची खूण नव्हती, चीड नव्हती, होतं ते जुनं कुतूहल, खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर का उघडते आहे हे शोधणाऱ्या माणसाचं. मग ते मिस्त्रींकडे वळले आणि अगदी प्रेमाने, थट्टेत म्हणाले, "मिस्त्री, म्हातारे झालात हो तुम्ही. चार बोटं गिळलीत की! माझ्या कागदावर एवढ्या नीट पायऱ्या दिल्या होत्या."

मिस्त्रींनी डोक्याचं फडकं काढलं. त्याची घडी घातली, उलगडली. "होय अप्पा," ते म्हणाले, "माझंच चुकलं."

दादा आभाळाकडे बघत होता. छोटीने तिचा कोरा तक्ता छातीशी धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चष्म्याच्या काचांत मी दोन वेळा दिसत होते, लहान, केस विस्कटलेली. खालून फरशीवाल्याने काठी उचलून भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. अप्पांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला होता, माफ करणारा हात, आणि मिस्त्री त्या हाताखाली वाकत चालले होते, आयुष्यात एक भिंत तिरपी न बांधलेला माणूस. मला नळाचा आवाज आठवला. खिडकीच्या काचेतली आकृती. काखेत गुंडाळी.

"अप्पा," मी म्हणाले, "जिन्याचा नकाशा मेला."

ते वळले. इतक्या वर्षांत ते शब्द कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. त्यांचा हात मिस्त्रींच्या खांद्यावरून खाली आला, आणि काही कळायच्या आत, जुन्या सवयीने, आईचा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला.

"कशानं?"

"तुमच्या आकड्यानं, अप्पा. आकडा तुमचा चुकला होता."